मुकादमाची रजा

"मला नको हो रजा, साहेब. मी घरी बसून काय भिंती चाटू? रजा मुकादमाला पायजे."

"कोण मुकादम?"

"हा काय तुमच्यापुढं उभाय. दाढीवाला."

साहेबानं चष्म्यावरून पाहिलं. दाढीवाल्यानंही त्याच्याकडं पाहिलं, पण जरा बाजूला, खुर्चीच्या हातापाशी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळं साहेब नेमका कुठं बसलाय ते त्याला लागत नव्हतं. मग त्यानं मान लांब केली आणि टेबलावरच्या कागदाचा एक कोपरा चावायला घेतला.

"अरे घे त्याला मागं! हजेरीचा कागद आहे तो!"

"मग बरोबर आहे. दहा वर्षांची हजेरी वसूल करतोय."

साहेब हसला नाही. हसला असता तर तात्याला बरं झालं असतं, कारण हसत्या माणसाकडं काही मागता येतं.

"हे बघ तात्या," साहेब कागद झटकत म्हणाला, "बोकडाला रजा नसते. काल चढावर दोनदा अडखळला, मागची अख्खी रांग खोळंबली. नवा बोकड आणून बांधलाय मागं. महिनाभर याच्या पाठीमागून चालव, शिकव. आणि मग एक दिवस कडी काढू नकोस. नेहमीसारखं. तीन वेळा केलंस की तू."

"तीनदा केलं म्हणूनच म्हणतो."

"काय म्हणतोस?"

तात्यानं मुकादमाचा कान धरला आणि बाहेर आला.

कत्तलखान्यात तात्याला आत येऊन बत्तीस वर्षं झाली होती. पहिली दहा सुरीवर गेली. मग एकदा सुरी घसरून उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या, बोटं वाकायची बंद झाली, आणि त्याला बोळावर टाकलं. बोळ म्हणजे दोन बाजूंनी लोखंडी गज लावलेली चिंचोळी वाट. एका टोकाला मेंढरांचा वाडा, दुसऱ्या टोकाला काळ्या रबराचा पडदा, आणि पडद्यापलीकडं सुरीवाले. मधे थोडा चढ. वाट म्हणाल तर चाळीस पावलांची, पण मेंढराला ती चालायची नसते. मेंढरू उजेडातून अंधारात जात नाही. फरशीवर पाणी चमकलं तरी थांबतं. एखादी साखळी हलली, कुणी टोपी गजावर वाळत घातली, की पहिलं थांबतं आणि मग मागची तीनशे एकमेकांच्या पाठीवर चढतात. काठ्या घाला, शेपट्या पिरगाळा, बोंबला. एक पाऊल टाकत नाहीत.

पण पुढं कुणी चालणारं असेल तर मेंढरू डोळे झाकून जातं. म्हणून बोकड. बोकड वाड्यात जायचा, मेंढरांत मिसळायचा, एखाद्या जाणत्या पाहुण्यासारखा चार मिनिटं उभा राहायचा आणि मग ताठ मानेनं बोळाला लागायचा. मेंढरं त्याच्यामागं. पडद्याच्या दोन पावलं अलीकडं डाव्या हाताला कमरेएवढ्या उंचीचं एक दार होतं. तात्या तिथं उभा. बोकड आला की कडी काढायची, बोकड डावीकडं वळून बाहेर अंगणात, कडी लागली, मेंढरं सरळ पडद्याआड. बाहेर आल्यावर बोकडाला तात्याच्या तळहातावरची तंबाखूची चिमूट. तेवढ्यावर तो परत वाड्याकडं. दिवसाला सहा खेपा, आठ खेपा. ना आरडाओरडा, ना काठी. बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटावं, इथं काही चाललेलंच नाही.

नवख्या सुरीवाल्यांना हे बघून हसू यायचं. कुणीतरी त्याला मुकादम म्हणायला लागलं आणि ते नाव त्या कामालाच चिकटलं. एक मुकादम गेला की पुढचा मुकादम.

गेला, म्हणजे कसा, ते तात्याला ठाऊक होतं. म्हातारा झाला, लंगडायला लागला, की एका खेपेला कडी काढायची नाही. बस. वेगळी सुरी लागत नाही, वेगळा दिवस लागत नाही. कारण कत्तलखान्याचा कायदा एकच: आत आलेलं जनावर पायांवर बाहेर जात नाही. रोगराईचा प्रश्न असतो. मेंढराला आणि मुकादमाला एकच कायदा, फक्त मुकादमाला तो थोडा उशिरा लागतो.

पहिल्याच्या वेळी तात्याला काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या वेळी त्यानं मान फिरवली. तिसऱ्याच्या वेळी त्याची लेक तिथं होती.

लेक तेव्हा अकरा वर्षांची. शाळा सुटली की बापाचा डबा घेऊन यायची आणि मागच्या अंगणात मुकादमाशी खेळत बसायची. त्याच्या शिंगांना रिबिनी बांधायची, त्याला पाढे शिकवायची. बोकडाला बेचे नाय आले, पण पोरीचे एकोणतीसपर्यंत पाठ झाले. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर आली. गजांमधून तिनं पाहिलं: मुकादम आला, दारापाशी वळला, थांबला. बाप शेजारी उभा. कडी निघत नव्हती. मुकादमानं कपाळ दाराला लावलं आणि वाट बघत राहिला. एकदा वर बापाकडं बघितलं, जीभ बाहेर काढली, तंबाखूसाठी. मग मागची मेंढरं आली आणि त्याला ढकलत घेऊन गेली.

पोरीला वाटलं, कडी अडकली असेल. पलीकडून निघाला असेल मुकादम.

कामगारांना आठवड्याला मटणाचा वाटा मिळायचा. तो त्या दिवशी मिळाला. म्हातारं, चिवट मटण, दोन तास शिजलं. पोर दोनदा मागून जेवली आणि हात धुताना म्हणाली, "आई, उद्या मुकादमाला पाला घेऊन जाऊ?" तात्याच्या बायकोची जीभ तिच्याही आधी घरात फिरते. "कुठला मुकादम, बाई? आत्ता तर..." एवढं बोलून तिनं तोंडावर हात ठेवला. पण निघालेला शब्द काही परत जात नाही.

त्या दिवसापासून लेकीच्या ताटात मटण पडलं नाही. ती रडली नाही, भांडली नाही, बापाशी बोलायची थांबली नाही. ताट फक्त चार बोटं पुढं सरकवायची. आणि त्या दाराचा विषय दहा वर्षांत घरात निघाला नाही.

शिकून लेक एका कारखान्यात लागली. तिथं वाटाण्याचं मटण करायचे. मोठमोठ्या पिंपांत वाटाण्याचं पीठ, तेल, बीटाचा रंग आणि काय काय घालून ते यंत्रातून असं दाबून काढायचे की त्याला धागे सुटायचे, खऱ्यासारखे. कत्तलखान्यात ही बातमी गेली तेव्हा सुरीवाल्यांची करमणूक झाली. तात्याचा जुना जोडीदार, थोरला सुरीवाला म्हणाला, "तात्या, वाटाण्याची मान नेमकी कुठं आसती रे? लेकीला विचार. आम्हाला शिकून घ्यावं लागंल."

पहिलं पाकीट आणलं त्या दिवशी लेकीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. स्वतः शिजवलं, बापाच्या ताटात वाढलं आणि समोर मांडी घालून बसली. तात्या सावकाश चावत होता. बायको म्हणाली, "बोला की हो. परीक्षेला बसल्यासारखं काय करताय?"

"चव आहे," तात्या म्हणाला. "वासही आहे. रंगाला तर नावच नाही."

"पण?" लेक म्हणाली.

"पण दाताला कळतं गं. मटण कसं, दाताला आधी थोडं नाही म्हणतं, मग ऐकतं. हे लगेच हो म्हणतंय."

लेक हसली आणि खिशातून वही काढून तिनं ते लिहून घेतलं. बापाचं बोलणं वहीत उतरतंय हे बघून तात्याला संकोचल्यासारखं झालं. "आमच्या साहेबांना सांगते," ती म्हणाली. "दहा वर्षं दे, तात्या. तुझ्या बोळात गवत उगवेल."

"आणि मी?"

"तू ते गवत राखशील."

दहा वर्षं मागितली होती, दोन मिळाली. लोकांनी पाकीट एकदा नेलं, चार माणसांत कौतुक केलं आणि दुसऱ्यांदा नेलं नाही. कारखान्याला कुलूप लागलं. सहा महिन्यांनी कुलूप निघालं ते मटणाचं शीतगृह म्हणून. थंडी राखायची यंत्रं आधीच होती, ती कामाला आली. जुन्यांपैकी ज्यांना पाहिजे त्यांना तिथंच ठेवून घेतलं. लेक राहिली. जाणार कुठं? आता ती जाड कोट घालून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, आणि खोकी यायची ती तात्याच्याच बोळाच्या पलीकडून. "तू धाडतोस, मी चिकटवते," एवढंच एकदा म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर तात्याला काही बोलता आलं असतं.

साहेबानं महिन्याची मुदत दिली त्या संध्याकाळी तात्यानं जेवताना विषय काढला. "मुकादमाला घरी आणावं म्हणतो."

बायकोचा घास हातातच राहिला. "घरी? आणि ठेवणार कुठं, माझ्या डोक्यावर?"

लेक खाली मान घालून भात कालवत होती. तात्याला वाटलं होतं, तिला आनंद होईल. ती म्हणाली, "हाच का?"

"म्हंजे?"

"त्याच्यामागून रोज एवढी जातात. त्यांच्यातलं एखादं का नाही आणत?"

"त्यांची ओळख नाय गं," तात्या म्हणाला.

हे बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. लेकीच्याही आलं. मग ताट उचलताना ती म्हणाली, "आण. पण आण म्हंजे आणच. परत दारापाशी उभा करू नकोस त्याला."

आता आणायचा कसा? कागद देणारा माणूस एकच, जनावरांचा म्हातारा डॉक्टर, आणि तो त्याच शनिवारी कायमचा घरी बसणार होता. तात्या शुक्रवारी त्याच्या खोलीत गेला. डॉक्टर खण रिकामे करत होता.

"डॉक्टर, एक जनावर जिवंत बाहेर काढायचंय."

"जिवंत नाही काढता येत. मेलेलं काढता येतं." डॉक्टरनं पेन शोधलं. "कशानं मारू? पोटफुगीनं?"

"चालंल."

"बोकड, वृद्ध, पोटफुगीनं मृत, पुरण्यासाठी बाहेर," डॉक्टर मोठ्यानं म्हणत लिहू लागला. दारात उभा असलेला मयत मोठ्यानं शिंकला. "याला जरा गप्प राहायला सांग," डॉक्टर म्हणाला. "सुतक आहे." आणि शिक्का मारला.

शनिवारी दुपारी लेंडीखताच्या हातगाडीत पोत्याखाली मुकादम घरी आला. वाटेत त्यानं पोत्याला भोक पाडून मुंडकं बाहेर काढलं ते तात्याला घरापाशी पोचल्यावर कळलं. नवा बोकड मागून चालायला लागून जेमतेम चार दिवस झाले होते. पण तात्यानं त्याचा विचार केला नाही. डॉक्टरची सही मिळतेय तोवर घ्यायची, एवढंच त्याच्या डोक्यात. बत्तीस वर्षं काम केलेल्या माणसानं एवढी कच्ची गोष्ट करावी याचं पुढं त्यालाच नवल वाटत राहिलं.

रविवार मात्र झकास गेला. मुकादमानं उशीचा एक अभ्रा खाल्ला, दुसऱ्याची चव घेतली. तात्याची बायको झाडू घेऊन त्याच्यामागं आणि तो न बघताही नेमका तिच्या पुढं. "आंधळा म्हणे!" ती धापा टाकत ओरडली. "माझ्यापेक्षा चांगलं दिसतं मेल्याला!" लेक पायरीवर बसून एवढी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं बापाच्या डबीतून चिमूटभर तंबाखू घेतली आणि त्याच्यापुढं हात धरला. मुकादमानं ओठांनीच ती उचलली. लेकीनं हात तसाच धरून ठेवला, संपल्यावरही.

सोमवारी सकाळी तीनशे मेंढरं आली.

"मुकादम कुठाय?" साहेबानं विचारलं. तात्यानं कागद दाखवला. साहेबानं कागद वाचला, तात्याचं तोंड वाचलं आणि म्हणाला, "बरं. घाल मग नव्याला पुढं."

नवा बोकड चढापर्यंत नीट गेला. वर पोचल्यावर पडदा हलला, आतला वास आला, आणि तो जागच्या जागी उलटा फिरला. मेंढरांनी काय करायचं? पुढचा मागं येतोय, मागची पुढं रेटतायत. बोळाच्या मध्यावर गाठ बसली. एक पडलं, त्याच्यावर दुसरं, त्यावर चार. तात्या कडीवरचा हात सोडून गजांवरून आत उतरला आणि हातानं ओढायला लागला, पण वाकत नसलेल्या बोटांनी लोकर धरता येत नाही. मग सुरीवाले काठ्या घेऊन आले. कुणीतरी विजेचा दांडा आणला. बावीस वर्षांत बोळात जो आवाज तात्यानं ऐकला नव्हता तो त्या सकाळी ऐकला. मेंढरू ओरडतं ते साधंच असतं, भूक लागली तरी ओरडतं. हा तो नव्हता. हा खालून यायचा, एखाद्याच्या पोटाखालून, आणि थांबायचा.

अकरा मोडली. कुणाचा पाय, कुणाची कंबर. त्यांना उचलून आत न्यावं लागलं. उरलेली दुपारपर्यंत गेली, काठ्या खात. थोरला सुरीवाला हात धुताना कधी बोलत नाही, तो त्या दिवशी बोलला: "लोकांना कापायला लागू नये म्हणून आपण कापतो, ते एक ठीकाय. पण आपल्याला हे बघायला लागू नये म्हणून तो बोकड होता, तात्या. आता आपल्यासाठी कोण?"

संध्याकाळी साहेबानं तात्याला बोलावलं. "मेलेला बोकड पुरलास का नीट?"

"पुरला."

"कसा आहे?"

"...बराय. अभ्रा खाल्ला एक."

"उद्या आण त्याला." साहेब त्या दिवशी ओरडला नाही, त्याच्याही विजारीवर शिंतोडे होते. "महिनाभर आण. हा शिकला की ने परत. मी बघितलंच नाही असं समजेन. माझा शब्द."

तात्या घरी आला. मुकादम पायरीला बांधलेला. लेकीनं त्याच्यापुढं वाटाण्याच्या शेंगांची साल टाकली होती. तात्यानं झालं ते सगळं सांगितलं, काही न झाकता. तिनं ऐकून घेतलं.

"किती मोडली?"

"अकरा."

"मोडली नसती तरी गेलीच असती ना?"

"गेलीच असती."

"मग?"

"मग काय. न भिता गेली असती. मला एवढंच येतं गं. थांबवता येत नाय, पण भिऊ न देता धाडता येतं."

"खोटं सांगून धाडता येतं, असं म्हण."

"तसं म्हण."

"आणि हे कुणासाठी, तात्या? मेंढरांसाठी की तुझ्या कानांसाठी?"

तात्यानं विचार केला. प्रामाणिकपणे केला, उंबऱ्यावर बसून, बोटं चोळत. "कानांसाठी आसंल," तो म्हणाला. "पण आवाज त्यांचाच होता."

लेक उठून आत गेली. सकाळी तात्या मुकादमाला घेऊन निघाला तेव्हा फाटक तिनंच उघडलं. हातगाडी लागली नाही, दोरी लागली नाही. तात्या पुढं चालला, मुठीत तंबाखूची चिमूट धरून, आणि आंधळा मुकादम वासावर त्याच्यामागं. रस्त्याच्या वळणापर्यंत लेक बघत उभी होती. तात्यानं मागं पाहिलं नाही. आपण कसे दिसत असू ते त्याला न बघताही कळत होतं.

महिना नीट गेला, म्हणजे आवाजाविना गेला. रोज संध्याकाळी तात्या म्हाताऱ्याला घरी न्यायचा, सकाळी परत आणायचा. मुकादम पुढं, नवा मागं, दोघांच्या गळ्यात एकच पट्टा. म्हाताऱ्याला डोळे नव्हते, पण चाळीस पावलं त्याच्या खुरांत बसली होती. अडखळला तर नवा त्याला रेटायचा. नवा बिचकला तर म्हातारा फुरफुरायचा. तिसऱ्या आठवड्यात नवा स्वतःहून डावीकडं वळला आणि तंबाखू मागायला लागला. तात्यानं त्याला शाबासकी दिली. मग ती कशाची दिली ते आठवून तो बाजूला जाऊन थुंकला.

महिना भरला त्या दिवशी तो साहेबाकडं गेला. साहेब खिडकीतून बाहेर बघत बोलला. "माझा शब्द होता, मी नाही म्हणत नाही. पण आता डॉक्टरीणबाई आहेत. त्यांना विचार."

नवी डॉक्टरीण तरुण होती, मन लावून काम करणारी. आल्याबरोबर तिनं विजेचे दांडे बंद करवले, वाड्यात पाण्याचे हौद वाढवले. तात्याला ती आवडायची. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, वह्या काढल्या, जुना कागद शोधला.

"तात्या, हा तर महिन्यापूर्वी मेलाय."

"मेलाय खरा. म्हंजे कागदावर."

"मग मेलेल्याला मी बाहेर कशी सोडू? आणि आज नवा म्हणून लिहून घेतला, तर आत आलेलं बाहेर जात नाही. दोन्हीकडून बंद आहे हो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आणि महिनाभर तो घरी-इथं ये-जा करतोय हे मी ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर मला बोळच बंद करावा लागला असता. आज दुपारपासून फाटकावर मोजणी आहे. तुम्ही आधीच का..."

आधीच काय? आधीच कागदावर मारला नसता, तर आता तसाच मारून वाचवता आला असता. तात्याला ते तिनं सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री मुकादम महिन्यात पहिल्यांदाच परत कत्तलखान्याच्या अंगणात राहिला. घरी बायकोनं पायरीकडं बघितलं, रिकामी दोरी उचलून गुंडाळली. मग म्हणाली, "या आठवड्याचा वाटा आणू नका घरी." ती मटणाशिवाय दोन दिवस राहत नाही. तात्यानं मान हलवली.

सकाळी तो चपला घालत होता तेव्हा लेक कामाला जायचा जाड कोट घालून आली. तिच्या हातात कागदाची पुडी होती.

"हे दे त्याला."

तात्यानं पुडी हुंगली. तंबाखू. चांगल्यातली.

"दाराच्या आधी दे," लेक म्हणाली. "मागच्याला दिलीच नव्हतीस तू. तो जीभ काढून उभा होता."

"तुला आठवतंय?"

"दाराच्या आधी, तात्या. नंतर नाही."

त्या दिवशीची पहिली खेप अडीचशेची होती. तात्यानं दोघांचा पट्टा सोडला. नव्याला पुढं घातलं, म्हाताऱ्याला त्याच्यामागं, आणि मेंढरांना त्यांच्यामागं. स्वतः दारापाशी येऊन उभा राहिला. नवा ताठ मानेनं चढ चढला, पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही, डावीकडं वळला. तात्यानं कडी काढली. तो बाहेर पडला. तात्यानं कडी लावली.

म्हातारा आला. दोन पावलं अलीकडंच तात्यानं गजांतून हात आत घातला. वाकत नसलेल्या बोटांच्या तळव्यावर सगळी पुडी रिकामी केलेली. मुकादमाला वास लागला. त्यानं ओठांनी, घाई न करता, शेवटच्या काडीपर्यंत वेचली. मग नेहमीसारखा डावीकडं वळला आणि कपाळ दाराला लावून उभा राहिला. कडी वाजायची वाट बघत त्यानं एक कान मागं केला.

तात्याचा हात कडीवर होता. दार उघडलं तर म्हातारा अंगणात येईल. अंगणाला भिंत आहे, भिंतीला फाटक, फाटकावर मोजणी. मग दुपारची खेप, नाहीतर उद्याची. तंबाखू मात्र आजच संपली होती.

मागची मेंढरं पोचली. शांत होती, एकही ओरडत नव्हतं. त्यांनी म्हाताऱ्याला दोन्ही बाजूंनी घेतलं, जत्थ्यात सामावून घ्यावं तसं, आणि घेऊन गेली. रबराचा पडदा हलला, थांबला, हलत राहिला.

खेप संपली. तात्यानं नळी लावून बोळ धुतला, फरशीवर पाणी साचू नये म्हणून खराट्यानं ओढून काढलं. चमकलं तर मेंढरं थांबतात. अंगणात नवा बोकड तंबाखूसाठी तोंड उघडून उभा होता. वाड्याच्या फाटकाशी दुसऱ्या गाडीचा भोंगा वाजला. तात्यानं खिसे चाचपले, डबीच्या तळाशी थोडी सापडली, ती त्याला दिली, आणि त्याचा कान धरून वाड्याकडं निघाला.

"चल, मुकादम," तो म्हणाला.